परवाची शेवंती

जानराव सकाळच्या पहिल्या एसटीनं अकोल्याहून आला तो थेट बाजारातच आला. स्वतःच्या संत्र्यांच्या गाळ्याचं शटरही त्यानं वर केलं नाही. शेजारी चंद्रभानच्या फुलांच्या गाळ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "गड्या, काय सांगू तुले!"

"नको सांगू," चंद्रभान हार ओवता ओवता म्हणाला. खरं तर त्याला सगळं ऐकायचं होतं.

दोघंही एकाच गायिकेचे वेडे. ती गझला गाते, आणि हे दोघं तिला नुसतं 'बाई' म्हणतात, जशी काही ती गावातल्याच राजापेठेत राहते. पंधरा दिवसांपूर्वी बाईंचा कार्यक्रम अमरावतीत झाला तेव्हा दोघं शेजारीशेजारी बसले होते. चंद्रभाननं फर्माइशीची चिठ्ठी पाठवली होती: जुन्या कॅसेटच्या बी बाजूची शेवटची गझल. बाईंनी चिठ्ठी वाचली, "ती आता या गळ्याला झेपत नाही," म्हणाल्या आणि चिठ्ठी पेटीखाली सारली.

ते चंद्रभाननं सोसलं. सोसवलं नाही ते पुढचं. बाईंच्या कालच्या अकोल्याच्या कार्यक्रमात जानरावचे व्याही संयोजक निघाले आणि मंचावर बाईंना हार घालायचा मान जानरावला मिळाला. ज्याला गझल कुठली नि कव्वाली कुठली ते कळत नाही, त्याला! वर हा भला माणूस म्हणतो कसा, हार तुझ्याच हातचा पाहिजे. चंद्रभाननं लग्नसराईचं निमित्त सांगून स्वतः जायचं टाळलं आणि हार मात्र करून दिला. वरून दिसणारा निशिगंध ताजा, आणि मधेमधे परवाची उरलेली शेवंती, पाणी मारून टवटवीत केलेली.

तीस वर्षांच्या धंद्यात त्यानं असं कोणाशी केलं नव्हतं. चार लोकांत जानरावची फजिती व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. तो हार शेवटी बाईंच्या गळ्यात पडणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. जळणाऱ्या माणसाला तेवढं सुचत नाही.

"हॉल भरला होता का?" त्यानं विचारलं.

"उभं राहाले जागा नोती. आपल्या अमरावतीच्या दुप्पट."

"दुप्पट गर्दी म्हंजे दुप्पट खोकला."

"नाई गड्या. एक मानूस खोकलला नाई. अन् आवाज काय लागला होता बाईचा! आपल्या इथं बसला होता, आठवते?"

"बसला नोता. आवाज राखून गाऊन राहिली होती ती. जानकारांत तसंच गातेत."

"असंल बाप्पा," जानराव म्हणाला. त्याला वाद घालायचाच नव्हता, आणि चंद्रभानला त्याचाच जास्त राग आला.

"अन् हार?"

"तेच तं सांगून राहिलो. हार घातला न् खाली उतराच्या आधी म्हनलं, बाई, हा हार करनारा मानूस अमरावतीचा. त्याची चिठ्ठी तुमी बाजूले सारली. बी बाजूची शेवटची. पंचवीस वर्सं झाले, वाट पाहून राहिला तो."

चंद्रभानची सुई थांबली. "मंग?"

"मंग तिनं हार नाकापाशी नेला. म्हनली, नाव काय त्याचं? म्हनलं, चंद्रभान. तिनं माइकवर सांगितलं, ही चंद्रभानसाठी. अन् हार गळ्यात ठेवूनच गायली. पुरी गायली!"

चंद्रभानला आनंद व्हायला हवा होता. तो अजूनच जळाला. नाव त्याचं, गझल त्याची, आणि ऐकली ती जानरावनं.

"वरच्या सुरापर्यंत गेली?"

"गेली ना." जानरावचा आवाज जरा खाली आला. "पन एक झालं. दुसऱ्या शेराले तिनं हात वर केला अन् शेवंती गळाले लागली. पाकळ्या साडीवर, पाकळ्या पेटीवर. तबलेवाला फुकून राहिला तबल्यावरून. समोरचे लोक हासले."

हेच ऐकण्यासाठी चंद्रभान पहाटेपासून जानरावच्या गाळ्याकडे बघत बसला होता. आता ऐकलं तर डोळ्यांपुढे बाईंच्या साडीवरच्या पाकळ्याच आल्या.

"थांबली का ती?"

"नाई. संपवूनच थांबली. मंग मले बलावलं, म्हनली, हे काय हो? इतक्या लोकांत तुयं नाव घेतलं होतं तिनं, ते कसं खराब होऊ देऊ? मी सांगून देल्लं, त्याले डोळ्यानं दिसत नाई आता. चाचपून ओवते बिचारा. ताजं कोनतं, शिळं कोनतं, समजत नाई त्याले."

"काय म्हनली?"

"डोळ्याले पदर लावला. हार काढून देत होतो मी, तं काढू देल्ला नाई. तसाच गळ्यात ठेवून गाडीत बसली." जानरावनं गाळ्याच्या कोपऱ्यात पडलेल्या शिळ्या शेवंतीच्या ढिगाकडे पाहिलं, मग चंद्रभानकडे. "खरं सांग गड्या. तुले दिसत नाई का?"

चंद्रभानच्या सुईतला दोरा संपला होता. त्यानं नवा दोरा तोडला. सुई डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली; नेढं लख्ख दिसत होतं. मग सुई आणि दोरा दोन्ही जानरावपुढे केले.

"तूच ओवून दे," तो म्हणाला. "नाई दिसत मले आता."