काळ्या कागदाचा धनी

"ही बाई कोण?" मड्डमने काळा कागद उजेडाला धरून विचारलं.

"तुमीच की," बकुळा म्हणाली.

"छे. माझा नाक असा नाही."

दारातला खानसामा केरू तोंडावर फडका धरून हसला. "सगळा बंगला वळखंल, मड्डम. तुमी सोडून."

बकुळेने काही मनचं कापलं नव्हतं. मड्डमला दिव्यापुढे आडवी बसवून, भिंतीवरच्या सावलीची कड धरून कात्री फिरवली होती. गणपतीत मिऱ्या गावातली निम्मी मखरं तिच्या हातची. यंदा पांढऱ्या कागदाच्या जागी काळा आला, नि वेलबुट्टीच्या जागी घुबडं, मांजरं आणि झाडूवर बसलेली एक हडळ. सारी बंगल्याच्या खिडक्यांना चिकटली.

"कशासाठी हो हे?" हात धुताना तिने विचारलं.

मड्डमचं मराठी केरूकडून उचललेलं. "आज रात्री मेलेला माणूस आपला घर शोधतो. म्हणून खिडकीत दिवा, खिडकीत चित्र."

भिववायला की बोलवायला, हे मड्डमने सांगितलं नाही आणि बकुळेने विचारलं नाही. आपल्याकडे पितरांना पान वाढून बोलावतात. आपल्याच माणसाला भिववायचं, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

उरलेला कागद तिने मागून घेतला.

ती घरी पोचली तेव्हा अंगणाच्या दगडी गडग्यापाशी खंड्या जीव खाऊन भुंकत होता. समोर दीर उभा, खांद्यावर दर्भाची पेंढी.

"मेल्या, तुला भाकर घालून घालून माजा हात दुखला," दादू कुत्र्याला म्हणत होता, "नि अजून मी चोर?"

खंड्या सगळ्यांवर भुंके. गप्प राही तो एका गुणाजीपुढे, तिच्या नवऱ्यापुढे. गुणाजी शिडाच्या पडावावरून कितीही अवेळी येवो, कडी वाजेपर्यंत घराला पत्ता नसे.

तो पडाव बुडाल्याला हे तिसरं वर्ष. बाकीच्या खलाशांना समुद्राने आरे-वारेच्या वाळूवर आणून टाकलं. गुणाजीला नाही. तेव्हापासून बकुळेचा नेम होता. एकभुक्त राहायचं, सांजेला आधी तुळशीपुढे आणि मग समुद्राकडच्या खिडकीत दिवा लावायचा. एक दिवस चुकला नाही.

ओटीवर सासू चिमा बसली होती. "बाय, काल परत गुणाजी आला गो सपनात. दारात हुबा. पानी दे म्हनतो."

"आत बोलवायचंत, आई."

"येत नाय. नुसता बगतो."

दादूने पेंढी सावरली. "वैनी, भटजी उद्या सकाळी येतायत. दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊया. दादाला वाट मिळंल. किती दिस त्याला असा मधीच लोंबकळत ठेवायचा?"

बकुळेने हातांकडे पाहिलं. काचेच्या बांगड्या थोड्याच उरल्या होत्या. जाताना गुणाजी म्हणाला होता, "येताना हिरव्या आणतो. ह्यांचा आवाज बसलाय." उद्या याही फुटणार.

"तो गेला असंल, तर मी माज्या हातानं फोडीन," ती हळूच म्हणाली. "पन मला कळूं दे. आजची रात्र मला द्या. उद्या तुमी सांगाल तसं."

चिमाने तिच्या तोंडावरून हात फिरवला. उद्याची तयारी दादूच्या घरी होती, म्हणून माय-लेक तिकडे गेली. खंड्याने दादूला पाणंदीच्या टोकापर्यंत भुंकून पोचवलं.

घर रिकामं झालं. बकुळेने समोर कुणालाही न बसवता कात्री चालवली. रुंद खांदे, टोपी, जेवायला वाकलेली मान. हात कुठेच अडला नाही. खिडकीच्या गजांवर तिने तेल लावलेला पातळ कागद ताणला, त्यावर ती काळी आकृती डकवली आणि आतल्या बाजूला, जरा अंतरावर दिवा ठेवला.

मग पान मांडलं. भात, सार, तळलेला बांगडा. आकृतीपुढे वाकून तिने वाढलं, पदराने वारा घातला, पाण्याचा तांब्या ठेवला. तिची सावलीही तेलकट कागदावर वाकत होती, उठत होती.

"आला असशील तर शीत हलव," ती म्हणाली. "मी भिनार नाय."

डोळे मिटून ती नाम घेत बसली. समुद्राची गाज एकदम जवळ आल्यासारखी वाटली. खंड्या एकदाच बारीक कुंई करून गप्प झाला. कागद वाऱ्याने आत फुगला, जसा कुणी बाहेरून श्वास सोडावा. तिने डोळे उघडले नाहीत.

पहाटे कोंबडा आरवला तेव्हा तिने पाहिलं. पानातलं शीतही हललं नव्हतं. तांब्या भरलेला. कडी वाजली नव्हती, कुत्रा भुंकला नव्हता. कुणीही आलं नव्हतं.

आणि मेलेला माणूस येतोच.

तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. म्हणजे आहे. कुठल्यातरी बंदरावर आहे, पण आहे. आता भटजीला परत पाठवायचं, पुतळा नाही की अग्नी नाही. अजून झुंजूमुंजूही झालं नव्हतं. खिडकीतला दिवा तसाच ठेवून, भाकरीचा तुकडा नि कंदील घेऊन ती अंगणात आली.

"खंड्या, यू, यू."

खंड्या नव्हता. दवाने ओल्या मातीत त्याची पावलं गडग्याकडे गेली होती. तिथे माणसाची अनवाणी पावलं होती, बंदराकडून आलेली. एका जागी माती खोल दबली होती, कुणी बराच वेळ उभं राहावं तशी. मग ती पावलं बंदराकडे वळली होती, आणि त्यांच्या बाजूने कुत्र्याची.

गडग्यावर एक पुरचुंडी होती. गाठ हाताने सुटेना. पडावाच्या दोराची ती गाठ घरात कुणालाच कधी सुटली नव्हती. नेहमीसारखी तिने दातांनी ओढली.

आत हिरव्या बांगड्या होत्या.

त्या दबलेल्या मातीवर उभं राहून तिने मागे वळून घराकडे पाहिलं. अंधार अजून होता, दिवाही जळत होता. खिडकीत कुणी परका पुरुष मान घालून जेवायला बसला होता.