पहिल्या पानावरचा खुनी

हे लिहिणारच नव्हतो. लिहून वाचणार कोण, असं काळुरामच नेहमी म्हणायचा.

त्या दिवशीपण बाळकुम गावच्या वाचनालयात त्याचं हेच चाललेलं. "ही आजची पोरं! गाइडशिवाय दुसरं पुस्तक बघितलेलं नाही. व्हिडिओसमोर तोंड वासून बसतील, पण दोन पानं वाचली की ह्यांना जांभई." स्वतः पंचविशीचा, पण बोलायचा पेन्शनरसारखा.

समोर गुणाजीकाका बसलेले. खोली त्यांची. व्हिडिओ पार्लरवाला तिच्यासाठी त्यांच्या मागेच लागलेला.

"मना एक तरी जवान पोर दाखव, पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा," काका म्हणाले. "मंग खोली वाचनालयाची. नाय तर उद्या पार्लर."

"हा काय, मी बसलोय ना!" काळुराम उसळला. "इथली एकूण एक रहस्यकथा संपवलीय. तीपण मजा किरकिरी झालेली असताना."

"म्हंजे?"

त्याने कपाटातलं एक पुस्तक काढून उघडलं. पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलेलं, 'खुनी डॉक्टर आहे.'

"प्रत्येक पुस्तकात हेच. कोणी हलकट आधीच नाव फोडून ठेवतो. आणि काका, दरवेळी बरोब्बर तोच खुनी निघतो! दुसरा कोणी वाचणारा असता तर त्याने तिथेच पुस्तक मिटलं असतं. मी शेवटची ओळ वाचल्याशिवाय सोडत नाही."

काका खूश. खोलीची चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "घे. आजपासून तू सांभाळ."

काळुराम चावी उचलायला वळला, तर दाराशी आनंदा. काळुरामचा शाळेपासूनचा दोस्त, पुस्तक परत करायला आलेला. भिंतीला टेकवून त्यात काहीतरी खरडत होता.

काळुरामने पुस्तक हिसकावलं. पहिलं पान. 'खुनी माळी आहे.'

"आन्या, तू? लाज नाही वाटत? स्वतःला वाचायची अक्कल नाही, तर वाचणाऱ्याची मजा कशाला घालवतोस रे?"

आनंदा डोकं खाजवत हसला. "गंमत केली यार."

"गंमत गेली खड्ड्यात. काकांसमोर शब्द दे, परत हा धंदा नाही करणार."

आनंदाने काकांकडे बघितलं, मग काळुरामकडे. पेन्सिल खिशात टाकली.

"शब्द देतो, दोस्ता. आजपासून खऱ्या खुन्याचंच नाव लिहीन."