वर बघायचं

लाकूडतोड्याने यांत्रिक करवतीची पार वाट लावली होती. पिस्टन ओरबाडलेला, रिंगा झिजलेल्या.

"मशीन वापरता की ठेचता?" मिस्त्रीने नाक मुरडून विचारलं.

लाकूडतोड्या चिडला नाही. "सुरू केलीत की तेवढं वर बघत राहा," म्हणाला आणि गेला.

"मला शिकवतोय, दीडशहाणा!"

मिस्त्रीने पिस्टन आणि रिंगा नव्या बसवल्या. करवतीची दातेरी साखळी भिंतीवरच्या खिळ्यालाच टांगलेली ठेवून इंजिनाची दोरी ओढली. इंजिन झकास सुरू झालं. आवाजाकडे कान लावून तो कार्ब्युरेटरचा स्क्रू जुळवू लागला. हे काम त्या अडाण्याला सात जन्मांत जमलं नसतं.

तेवढ्यात आवाज दबला. करवत लाकडात शिरली की दबतो, अगदी तसा.

"अरे, कापतोयस काय? साखळी तरी आहे का तुला?" मिस्त्री इंजिनाकडे बघून कुत्सित हसला. त्याने स्क्रू फिरवला. आवाज आणखी खोल गेला. त्याच्या बुटांवर भुसा साचत होता, ताजा आणि ओला.

मग इंजिन एकदम मोकळं झालं, आरपार गेल्यासारखं.

छपराखाली, नेमकं डोक्यावर, काहीतरी करकरत कलायला लागलं.

त्या मूर्खाचं ऐकून वर बघायला मिस्त्रीची मान तयार होईना. समोर टेबलावर पानांची सावली पडली आणि झपाट्याने मोठी होत गेली.