बहिणीच्या घरचं पाणी

"एक साल सांगायचंय, आर्लिस. एक आकडा! त्याला एवढे आढेवेढे कशाला?"

डेल्बर्ट हॉगनने कॉफीचा मग ओट्यावर आपटला. आर्लिस भट्टीत भाजायच्या गोड पायसाठी रुबार्बचे आंबट देठ चिरत होती, ती चिरतच राहिली.

"मला नाही सांगायचं," ती म्हणाली.

"मग राहू दोघं रस्त्यावर. तुझे डबे उशाला घेऊन."

डबे म्हणजे पाण्याचे प्लास्टिकचे डबे. दर सोमवारी आर्लिस बारा मैल गाडी हाकत बहिणीच्या मळ्यावर जायची आणि पिण्याचं, स्वयंपाकाचं पाणी भरून आणायची. घरामागे बारमाही विहीर होती, पुढे गावाचा नळही आला, पण बाईचा हेका सुटला नाही. डेल आधी चिडला, मग त्याने चेष्टा केली, मग नाद सोडला. बायकोची लहर आणि व्हिस्कॉन्सिनचा हिवाळा, दोन्हींशी शहाण्याने वाद घालू नये, असं तो चर्चच्या कॉफीवर मित्रांना सांगायचा.

आता त्याच लहरीवर घर तरणार होतं.

घराला लागूनच त्याचं ड्राय क्लीनिंगचं दुकान. अडतीस वर्षं चालवलं. दर शनिवारी यंत्राच्या तळाचा काळा गाळ बादलीत काढायचा आणि मागच्या कुंपणाशी ओतायचा. कपडे धुण्याचं रसायन पुरवणाऱ्यांच्या पुस्तिकेतच तसं छापलेलं होतं: कोरड्या जमिनीवर ओता, उडून जाईल. शिवाय कुंपणापाशी तण उगवायचं नाही, म्हणून डेल खूश असायचा.

ते उडून गेलं नाही. मातीत मुरलं, विहिरीत उतरलं. गेल्या वर्षी राज्याच्या खात्याची नोटीस आली: माती उपसा, पाणी स्वच्छ करा. अंदाजे खर्च सहा लाख डॉलर. घर, दुकान, म्हातारपणाची पुंजी, सगळं फुंकलं तरी निम्मंही भागलं नसतं. मदतीला धावून येईल असं पाठीमागे कुणी नव्हतं.

वाट दाखवली त्यांची वकील डीना कोवाल्के हिने. "आजच्या विम्यात प्रदूषण बसत नाही," ती म्हणाली होती. "पण जुन्या पॉलिसींत ते वगळलेलं नसायचं. नुकसान ज्या वर्षी झालं, त्या वर्षीची पॉलिसी आजही खर्च द्यायला बांधील असते. कागद शोधा, मिस्टर हॉगन."

चार महिने डेलने तळघर पालथं घातलं, बँकेचे उंबरे झिजवले. शेवटी, केव्हाच वारलेल्या विमा एजंटाच्या सुनेच्या गॅरेजमध्ये, नाताळच्या दिव्यांच्या खोक्याखाली ती पॉलिसी मिळाली: १९६९ ते १९७२. गॅरेजच्या फरशीवर बसून डेल ढसाढसा रडला.

पण विमा कंपनी कसली पक्की! विष विहिरीत त्या तीन वर्षांतच पोचलं होतं, हे आधी दाखवा, म्हणाली. नंतर पोचलं असेल तर आमचा काही संबंध नाही. आता चाळीस वर्षांपूर्वीचं पाणी कोणी तपासून ठेवलंय?

तेव्हा डेलला डबे आठवले. ऐकल्याबरोबर डीना खुर्चीतून उठलीच. "मिसेस हॉगननी विहिरीचं पाणी कधी सोडलं, का सोडलं, एवढं शपथेवर सांगू देत. बास!"

आणि नेमकी तिथेच आर्लिस अडून बसली होती. तीन आठवडे झाले होते, आणि जबानी उद्यावर आली होती.

डेल खुर्चीत बसला. त्याचा राग ओसरला आणि खाली नुसती भीती उरली. "तुझ्या पाण्यावर जन्मभर हसलो, चुकलं माझं," तो म्हणाला. "पण मला या घरातून बाहेर काढू देऊ नकोस गं. दुसरीकडे मरायची माझ्यात ताकद नाही. गुडघे टेकू का तुझ्यापुढे?"

आर्लिसने सुरी खाली ठेवली. 

"नको टेकूस," ती म्हणाली. "गुडघे दुखतात तुझे. सांगते उद्या."

डीनाच्या ऑफिसात जबानी झाली. विमा कंपनीचा वकील प्रेंटिस सभ्य माणूस होता, त्याने आर्लिसला आधी पाणी हवं का विचारलं. ती नको म्हणाली.

"विहिरीचं पाणी तुम्ही कधीपासून पीत नाही, मिसेस हॉगन?"

"चौदा ऑक्टोबर एकोणीसशे एकाहत्तरपासून."

टेबलाखाली डीनाने डेलचं मनगट घट्ट दाबलं. डेलचे डोळे भरून आले. घर राहिलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

"तारीख इतकी पक्की कशी लक्षात राहिली?"

"आदल्या दिवशी आम्ही रूथला पुरलं."

"रूथ कोण?"

"आमची मुलगी. साडेतीन महिन्यांची होती. मला दूध नव्हतं, म्हणून वरच्या दुधावर वाढत होती. मी पावडर विहिरीच्या पाण्यात कालवायचे. ती पिवळी पडत गेली. डॉक्टर म्हणाले, लिव्हर जन्मापासूनच नाजूक. सासूबाई म्हणाल्या, तुमच्याच घराण्याचा दोष." आर्लिसचा आवाज एकसारखा होता. "दुसऱ्या दिवशी मी तिच्या बाटल्या आवरायला घेतल्या. एकीत विहिरीचं पाणी तसंच राहिलं होतं. झाकण काढलं, तर आत दुकानाचा वास. शनिवारी संध्याकाळी डेलच्या शर्टाला यायचा ना, गोडसर, तोच."

जबानी टिपून घेणाऱ्या बाईची बोटं थांबली. डेलने आपलं मनगट सोडवून घेतलं.

प्रेंटिसने चष्मा काढला. "म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग इतकी वर्षं कुणालाच कसं सांगितलं नाहीत? नवऱ्यालासुद्धा?"

आर्लिसने सकाळपासून पहिल्यांदाच डेलकडे मान वळवली.

"बादली त्याच्या हातात होती ना," ती म्हणाली. "त्याला कशी सांगणार?"