अंशतः खरे आहे

“अध्यक्ष महोदय,” वैजनाथराव म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर फिरणारा रेणुकाबाईंचा हात तिथंच थांबला.

डोळे मिटलेले होते. ताप सकाळपेक्षा उतरला होता, ग्लानी मात्र होती. सहा वेळा निवडून आलेला आमदार. या खेपेला पक्षाने तिकीट दिलं नाही, तेव्हापासून ‘अपक्ष लढतो’ म्हणत गावोगाव उन्हात हिंडला आणि काल मुरुडच्या घरी येऊन आडवा झाला. उमेदवारी अर्ज भरायचा आजचा शेवटचा दिवस. तीनच्या आत तालुक्याला पोचायचं होतं. बाहेर वीरण्णा, त्यांचा जुना कार्यकर्ता, जीप लावून बसला होता. दोनदा दाराशी येऊन त्याने हळूच विचारलं होतं, “वैनी, साहेब उठले का?”

“उठवते,” त्या म्हणाल्या होत्या. त्यासाठीच आत आल्या होत्या.

खिडकीला ओली हिरवी चादर लावलेली. तिच्यातून झिरपणारा उजेड तळ्याच्या तळाशी असावा तसा. पंखा फिरेल तसा तो भिंतींवर हलायचा, आणि खोलीच कुठंतरी वाहत निघालीय असं वाटायचं. लांबवर प्रचाराचा भोंगा चालला होता. शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता.

“अध्यक्ष महोदय, दोनच मिनिटं. आमच्या तांड्यावर पूल न्हाई. लेकरं पाण्यातनं शाळंला जातात.”

आवाज तरुण होता. सभागृहातला हा आवाज रेणुकाबाईंनी कधी ऐकलाच नव्हता. हा माणूस मुंबईत बोलला, नागपुरात बोलला. त्या कधी गेल्या नाहीत. सभागृहातली छापील प्रश्नोत्तरं तेवढी घरभर पडलेली असत. दुपारच्या एकट्या वेळी शेंगा फोडता फोडता त्या ती वाचायच्या.

उठवायचं सोडून त्या खाली वाकल्या. “बोला, सन्माननीय सदस्य.”

वैजनाथरावांचा चेहरा उजळला. ते बोलत राहिले. पूल, विहीर, शाळेचं गळकं छप्पर, पुन्हा पूल. सगळी हयात विरोधी बाकावर गेली होती. प्रश्न यांनी विचारायचे, उत्तरं मंत्र्यांनी द्यायची. बोलता बोलता ते दमले आणि गप्प झाले.

मग रेणुकाबाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला, त्या छापील प्रश्नोत्तरांच्या भाषेत.

“लेकीच्या, तनुजाच्या लग्नात अक्षता पडल्या, तेव्हा तिचा बाप मांडवात नव्हता, हे खरे आहे काय?”

पंखा फिरत राहिला.

“होय,” झोपेतूनच ते म्हणाले, “हे खरे आहे.”

“मुहूर्ताआधी पोचतो, असं बायकोला सांगून गेले होते?”

“अंशतः खरे आहे.”

त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. “असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

ओठ नुसतेच हलले. मग अगदी बारीक आवाजात, “मी मंत्री न्हाई ओ. उत्तर द्यायची सवय न्हाई मला.”

रेणुकाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. “आन् आता पुन्यांदा उभं राहायचंय का? खरं सांगा. मनात हाय का?”

ते कुशीवर वळले, रेणुकाबाईंचा हात ओढून गालाखाली घेतला आणि खोल झोपले.

“वैनी, अडीच झाले,” दारातून वीरण्णा म्हणाला.

हात काढून घेतला असता तर ते जागे झाले असते. रेणुकाबाईंनी तो काढला नाही. बसल्या जागी त्यांचाही डोळा लागला. कधी न पाहिलेलं सभागृह दिसलं. त्याच हिरव्या उजेडात बुडालेलं, सगळे बाक रिकामे, आणि एकटे वैजनाथराव उभे. काहीतरी सांगत होते, रेणुकाबाईंकडेच बघून.

जाग आली तेव्हा ते खरोखरच त्यांच्याकडे बघत होते.

“किती वाजले?”

“तीन होऊन गेले.” त्या म्हणाल्या, “म्या उठवलं न्हाई तुमाला. मुद्दामच.”

वैजनाथराव छताकडे बघत राहिले. त्यांचा राग रेणुकाबाईंना ठाऊक होता. त्या वाट बघत राहिल्या. भोंगा कधीच लांब निघून गेला होता.

“वीरण्णा जेवला का?” वैजनाथरावांनी विचारलं.

“सकाळपास्नं न्हाई.”

“वाढ त्याला.”

वीरण्णा जीपच्या पायरीवर उपरण्यात तोंड घालून बसला होता. हाक मारल्यावर उठला, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आला. रेणुकाबाईंनी भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. पहिला घास मोडून तो तसाच धरून बसला.

“वैनी, म्या उद्या सकाळी कुठं यायचं?”

“हितंच ये की. रोज येतोस तसा.”

मागे पावलं वाजली. भिंत धरत वैजनाथराव दारात येऊन उभे राहिले होते, अंगात नुसती बंडी. हे घर त्यांनीच बांधलेलं. पण त्यांचं ताट कायम बाहेर, माणसांच्या गराड्यात जायचं; स्वयंपाकघरात ते कधी जेवायला बसलेच नव्हते. त्यांनी फळीवरचे डबे पाहिले, शेगडी पाहिली, खाली अंथरलेली सतरंजी पाहिली.

“रेणुका,” ते म्हणाले, “मी कुठं बसू?”

वीरण्णाने आपलं ताट उचललं आणि तो थोडा बाजूला सरकला.