जुन्या डिस्कची हजेरी

नातीचं बारसं झालं त्या वर्षी अवधपुरीच्या घरातल्या लिनक्स कॉम्प्युटरची दुसरी हार्डडिस्क खडखडू लागली. तिच्यात शांतारामने टाइप केलेल्या आठवणींची साठ पानं होती. त्याला पन्नाशीत अक्षरं शिकवणारा, कारखान्यातला हजेरीकारकून सदाशिव, आता अंथरुणावर पडून ती ऐकायची वाट पाहत होता. सुनेने सगळं नव्या डिस्कवर उतरवून ती बसवली, तर कॉम्प्युटर सुरूच होईना. पडद्यावर अडकलेला नंबर शांतारामने अक्षरन्‌अक्षर लावत वाचला, मग काढलेल्या डिस्कवरचा. “सूनबाई, हा अजून जुनीचंच नाव पुकारतोय. हजेरीपटावरून खोडलं नाहीस?” “अगबाई, तेच राहिलं बाबा!” सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीतला जुना नंबर खोडून तिने नवा लिहिला आणि साठही पानं उघडली. शांतारामच्या जिवात जीव आला. संध्याकाळी सदाशिव ऐकून हसला, “लेका, माझी हजेरी थेट चाळिसाव्या पानावर?” सदाशिव त्याच वर्षी, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी गेला.