दर रविवारचा कार्बोरेटर

“न्हाई,” विश्वंभररावांनी भिंग खाली ठेवलं. “हा बी डुप्लिकेट.”

दोघांच्या मधे वर्तमानपत्रावर फियाटचा कार्बोरेटर पोट उघडं टाकून पडला होता. हरीश खुर्चीतून पुढं झुकला.

“काहून काका? अक्षरं तर चांगली उठून राहिली.”

“अक्षरांचं काय घेऊन बसला? ओतकाम पाहा. कंपनीचं ओतकाम राखेवानी फिकं असतं. हे चकाकून राहिलं.”

“मीच घासला रॉकेलनं.”

“घासल्यानं अशी चकाकी येत न्हाई. अन् पेट्रोलच्या जेटवरचा नंबर हातानं ठोकलेला. कंपनीचा ठोका सरळ बसतो.”

“सरळच तर हाय.”

“तुला दिसतो सरळ.”

नंबर सरळच होता. ओतकामाची कड बोटाला लागत होती, आतला पितळी फ्लोट जुन्या हंड्यासारखा काळवंडला होता. कार्बोरेटर अस्सल कंपनीचा होता आणि विश्वंभररावांना ते झाकण उघडायच्या आधीच कळलं होतं.

आयुष्यात त्यांनी तीन फियाट वापरल्या. एके काळी आखाडा बाळापूरच्या आसपास कुणी जुनी गाडी घेतली, की आधी त्यांना आणून दाखवायचा. आता फियाटच उरल्या नाहीत, तर विचारणार कोण? बायको गेलेली. मुलगी राजनंदिनी पुण्याहून फोन करायची, गोळ्या घेतल्या का विचारायची आणि ठेवायची. जिवनबाई भाकरी टाकून घरी जायच्या. बाकी दिवसभर घरात बोलायचं ते भिंतीवरच्या घड्याळानं.

अशात हरीश आला. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी, सेनगावला खोली. वारंगा फाट्यावरच्या मिस्त्रीनं त्याला विश्वंभररावांचं नाव सांगितलं होतं. “वडलांची फियाट हाय,” तो म्हणाला होता. “ते गेले, गाडी राहिली. कारखान्यातून निघाली तशी करायचीय. एक कार्बोरेटर तेवढा सापडंना.”

पहिले एक-दोन खरंच डुप्लिकेट निघाले. मग त्यानं अस्सल आणला. पण तोवर जिवनबाई रविवारी दोन ताटं वाढायला लागल्या होत्या. विश्वंभररावांनी मनात तागडी धरली. एका पारड्यात परक्याची गाडी, दुसऱ्यात आपला रविवार. गाडी चालू झाली की पोरगं येतंय कशाला? गरज सरो, वैद्य मरो. ते म्हणाले, “डुप्लिकेट.”

एकदा खोटं बोललं की पुढची आपोआप येतात. हरीश भंगार बाजार हिंडायचा, एसटी बदलत बाळापूर गाठायचा आणि नाकारलेला कार्बोरेटर पिशवीत घालून परत जायचा. गाडी बघायला जायचं मात्र विश्वंभररावांनी कटाक्षानं टाळलं. बघितली असती तर हात लागला असता, आणि त्यांचा हात लागला तर गाडी चालू झाल्याशिवाय राहिली नसती. हरीशही कधी आग्रह करायचा नाही. शहाणं पोरगं, म्हाताऱ्याला दगदग नको म्हणून गप्प राहतं, असं ते धरून चालले.

एका रविवारी तो आला तोच डोळे लाल घेऊन. कार्बोरेटर हातात देताना त्याची बोटं लागली, तर अंग भाजत होतं.

“ताप हाय तुला. काहून आला असा?”

“वाशीमला सापडला काल. म्हनलं, दाखवावा.”

विश्वंभररावांना स्वतःचीच लाज वाटली. आपल्या दोन घटका गप्पांसाठी लेकराला तापात हिंडवून राहिलो आपण. त्यांनी भिंगाला हातही लावला नाही.

“जमलं रे! हा कंपनीचा.”

हरीश हसला नाही. “बराबर पाहिलं का काका?”

“पाहिलं.”

“चकाकून राहिला थोडा. अन् नंबर वाकडा वाटते.”

“सरळ हाय.”

“मागच्या वेळी असाच होता. तवा वाकडा म्हनले होते तुमी.”

“गुरूची विद्या गुरूलाच शिकवतो का? जा, बसव गाडीला.”

त्यानं कार्बोरेटर कागदात गुंडाळला. जेवण जाणार नाही म्हणाला आणि एसटीला निघून गेला.

पुढच्या रविवारी एक ताट झाकून राहिलं. त्याच्या पुढच्याही.

“भेटलं त्याला पाहिजे ते,” जिवनबाई म्हणाल्या. “आता कशाला येतंय?”

“तुमी वाढा.”

फोन करायचा तर कुठल्या तोंडानं? तापाचं विचारायला पोर काही आपलं नव्हे. घास चावता चावता त्यांना वाट सापडली. नुसता कार्बोरेटर बसवून फियाट चालत नाही. तिचा आवाज लावावा लागतो, आणि त्याला कान लागतो. हे काम नीट, सावकाश करायचं म्हटलं तर चार-सहा रविवार सहज जातात. बारीक स्क्रूड्रायव्हर खिशात घालून, धुतलेलं धोतर नेसून त्यांनी तिसऱ्या रविवारी सकाळचीच एसटी धरली.

सेनगावात बियाण्यांच्या दुकानदारानं पत्ता दिला. गल्ली अशी, की फियाट शिरली असती तर दोन्ही भिंती खरवडल्या असत्या. घरमालकीण जमनाबाई उंबऱ्यात तूर पाखडत होती.

“हरीशची गाडी कुठं लावता?”

“कोंची गाडी?” तिनं सूप थांबवलं. “सायकल बी न्हाई पोराकडं. मोटारीचं हे एवढं तेवढं आणून ठिवते.”

खिडकीत कार्बोरेटर ओळीनं मांडले होते. सगळे पुसलेले. विश्वंभररावांनी शेवटचा, वाशीमचा, लगेच ओळखला.

“तुमी कोन गावचे म्हनायचे?”

“आखाडा बाळापूर.”

जमनाबाई लगबगीनं उठली. पदर सावरून तिनं खुर्ची पुढं सरकवली आणि आत तोंड करून हाक मारली,

“हरीश, ऊठ रे! दर रविवारी तू जायचा, आज वडीलच आले बघ तुझे!”